आधी नोंदणी, मग स्टुडिओ : श्रोत्यांच्या पैशांतून रेकॉर्डिंग कसं उभं करावं

नव्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग बहुधा कुणातरी एकाच्या पगारातून होतं. ड्रमर आयटीत असतो, स्टुडिओत त्याचं कार्ड घासलं जातं, बाकीचे ‘पुढच्या गिगचे आले की देतो’ म्हणतात आणि गिगचे पैसे टेम्पोभाड्यात आणि जेवणात कधी संपले ते कळतही नाही. मग गाणी स्पॉटिफायवर चढतात. तिथला 2024 पासूनचा नियम असा, की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम मिळाले नाहीत त्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला छदामही मिळत नाही. हजाराच्या वर गेलात तरी त्यातून स्टुडिओचं भाडं सुटेल अशी आशा धरू नका.

रेकॉर्डिंग आधी करून पैसे नंतर वसूल करायचा रस्ता छोट्या बँडला असा जवळपास बंदच आहे. उरतो उलटा रस्ता. ज्यांना गाणी हवी आहेत त्यांच्याकडून पैसे आधी घ्यायचे. आपल्याकडे पुस्तकांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत संच नोंदवायचा, पावती जपून ठेवायची आणि छपाई लांबली की प्रकाशकाला पत्र टाकायचं. अल्बमचंही तसंच करा, इतकंच या लेखाचं म्हणणं आहे. श्रोत्याकडे मदत म्हणून हात पसरू नका. त्याची आगाऊ ऑर्डर घ्या आणि ती पुरी करेपर्यंत स्वतःला त्याचे देणेकरी समजा. पुढच्या हिशेबाच्या, कायद्याच्या, वेळापत्रकाच्या सगळ्या गोष्टी यावरूनच ठरतात.

मॅरिलियनने काय केलं

या पद्धतीचा मूळपुरुष शोधायचा तर इंग्लंडमधल्या मॅरिलियन या रॉक बँडकडे जावं लागतं. 1997 मध्ये त्यांना अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. हे कळल्यावर तिथल्या चाहत्यांनी आपणहून, इंटरनेटवर एकमेकांना गाठून, सुमारे 60,000 डॉलर जमवले. निधी-संकलनाचा किकस्टार्टर हा मंच सुरू व्हायला तेव्हा आणखी बारा वर्षं होती. बँडने त्यावरून धडा घेतला. पुढच्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीकडून आगाऊ रक्कम उचलण्याऐवजी त्यांनी आपल्याकडच्या सुमारे 6,000 ई-मेल पत्त्यांवर सरळ विचारलं : अल्बम अजून झालेला नाही, आधी पैसे भरून घ्याल का? बहुतेकांनी हो म्हटलं. शेवटी 12,000 च्या वर नोंदण्या झाल्या आणि 2001 मध्ये ‘अनोरॅकनोफोबिया’ बाहेर आला.

बारा हजारांच्या आकड्याने दिपून जाऊ नका, तो बँड तोवर वीस वर्षं जुना झाला होता. लक्षात घ्यायच्या गोष्टी दोन. त्यांच्याकडे लोकांचे पत्ते होते. आणि त्यांनी पैसे मागण्याआधी प्रश्न विचारला.

आपल्या बँडांचं घोडं पत्त्यांपाशीच अडतं. इन्स्टाग्रामवर पंधरा हजार फॉलोअर असतात, पण त्यातले कुणापर्यंत तुमची पोस्ट पोचवायची हे ठरवणारे तुम्ही नसता. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच जाते. म्हणून आजपासून प्रत्येक गिगला टेबलावर एक क्यूआर कोड ठेवा. स्कॅन केला की चारच रकाने उघडावेत : नाव, ई-मेल, फोन, गाव. त्या बदल्यात एक न आलेलं गाणं लगेच ऐकायला द्या. टेबलाशी बँडमधलंच कुणीतरी उभं असू द्या. मित्राला उभं केलंत तर तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. गावाचा रकाना गाळू नका. नाशिकचे चाळीस लोक सापडले तर नाशिकला गिग लावता येते, हे त्या रकान्यावरूनच कळतं.

यादी तीन-चारशेच्या पुढे गेली की मॅरिलियनसारखा प्रश्न पाठवा. ‘आम्हाला सपोर्ट कराल का’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील, त्याला काही पैसे पडत नाहीत. ‘सहा गाण्यांचा ईपी करतोय, मार्चअखेर मिळेल, 300 रुपये डिसेंबरमध्ये भराल का’ असं विचारा. हो म्हणणाऱ्यांतले निम्मेच प्रत्यक्ष भरतील असं मी धरून चालेन. तेवढ्यांत भागत नसेल तर सहाऐवजी तीन गाणी करा, किंवा वर्षभर थांबा.

आणि प्रश्नाबरोबर काहीतरी ऐकवा. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये चित्रपटासाठी भांडवल शोधताना आधी वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती लोकांना दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच, पण बाहेरचा पैसा उभा राहिला तो ती फिल्म पाहून. तुम्हीही एक गाणं पदरच्या पैशांनी नीट करा. मोबाइलवर केलेला रिहर्सलचा व्हिडिओ ओळखीच्यांना पुरतो. अनोळखी माणूस त्यावर 300 रुपये लावणार नाही.

आकडे मांडताना

बँडच्या बैठकीत ‘दोनेक लाख लागतील’ असं एकजण म्हणतो, दुसरा ‘तीन धरू’ म्हणतो आणि विषय संपतो. असं चालत नाही. समजा, पाचजणांच्या बँडला सहा गाण्यांचा ईपी करायचाय. दर तुमच्या शहरात विचारून घ्या, इथले आकडे फक्त मांडणी कळण्यासाठी आहेत. स्टुडिओ 60 तास, तासाला 900 म्हणजे 54,000. मिक्सिंग गाण्यामागे 8,000 म्हणजे 48,000. मास्टरिंग गाण्यामागे अडीच हजार, 15,000. बाहेरून बोलावलेले वादक 30,000, मुखपृष्ठ 12,000, प्रवास आणि जेवण 10,000. झाले 1,69,000. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले की 1,86,000.

इथे थांबणारे बँड पुढे अडकतात, कारण श्रोत्याला जे द्यायचं त्याचाही खर्च असतो. ऐंशी टी-शर्ट 350 प्रमाणे 28,000. त्यातले साठ कुरिअरने, नगाला 90 धरले तर 5,400. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे आणखी 5,300 च्या आसपास. एकूण बेरीज सव्वादोन लाखांच्या घरात जाते.

आता हे येणार कुठून? 300 रुपयांत डाउनलोड आणि श्रेयनामावलीत नाव, असे 250 जण : 75,000. हजार रुपयांत टी-शर्टही, असे 60 जण : 60,000. अडीच हजारांत टी-शर्ट आणि मिक्सिंग चालू असताना स्टुडिओत बसून ऐकायची एक संध्याकाळ, वीस जण : 50,000. वीस हजारांत घरगुती मैफल, येण्याजाण्याचा खर्च यजमानाचा, अशा दोन : 40,000. बरोबर 2,25,000, आणि माणसं लागतात 332. पंधरा हजार फॉलोअरांपुढे हा आकडा फार छोटा वाटतो. पण 332 माणसांना नावानिशी गाठून त्यांच्याकडून पैसे भरून घेणं हे महिनाभराचं काम आहे, आणि ते गायकाला एकट्याला झेपणारं नाही.

टी-शर्टबद्दल जरा सावध करायला हवं. सगळ्यांना तो द्यावासा वाटतो, कारण तो दिसतो. पण साइज चुकतात, छपाईवाल्याकडे एका वेळी ठराविक नगांची अट असते आणि शेवटी एल आणि डबल एक्सएलची दोन खोकी कुणाच्या तरी गॅलरीत पडून राहतात. माझ्या मते श्रोत्याला सर्वांत प्रिय आणि तुम्हाला सर्वांत स्वस्त पडणारी गोष्ट म्हणजे त्याचं छापलेलं नाव. मॅरिलियनने ‘मार्बल्स’ या 2004 च्या अल्बमच्या वेळी आगाऊ नोंदणी करणाऱ्यांची नावं पुस्तिकेत छापली होती. तुम्ही नाव देवनागरीत घेणार असाल तर फॉर्ममध्येच ‘जसं छापायला हवं तसं लिहा’ असा रकाना ठेवा. रोमन लिपीतल्या नावावरून अंदाजाने ‘दाते’चं ‘डेट’ करून ठेवलंत तर तो माणूस पुढच्या अल्बमला येणार नाही.

स्टुडिओचे तास वाचवायचे मार्गही आधीच ठरवा. ड्रम आणि चामड्याच्या वाद्यांना चांगली खोली आणि चांगले माईक लागतात, तिथे पैसे घाला. बेस आणि बरीचशी गिटार घरी इंटरफेसवर घेता येते. क्लिकवर वाजवायची सवय रिहर्सललाच करा. तासाला 900 मोजून काचेपलीकडे बसलेल्या माणसाला ‘पुन्हा एकदा’ म्हणत राहणं महागात पडतं. संबळ, दिमडी, पखवाज असेल तर पावसाळा टाळाच. बाहेर दमट हवा, आत एसी, आणि पखवाजाला कणीक लावून सूर जुळवेपर्यंत दुपार उलटते.

लोक जितका विश्वास टाकतात तितकं बारकाईने बघतातही. अमांडा पामर या अमेरिकी गायिकेने 2012 मध्ये किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले आणि 24,883 जणांनी मिळून तिला जवळपास 12 लाख दिले. त्यातून ‘थिएटर इज ईव्हिल’ हा अल्बम झाला. मग दौऱ्यात तिने गावोगावच्या वादकांना मानधनाशिवाय मंचावर येऊन वाजवायचं आवाहन केलं आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. लोकांनी एवढे दिले, मग वादकाला का नाही? अखेर तिने त्यांना पैसे दिले. तुमच्या बजेटमध्ये बाहेरच्या वादकाची ओळ कोरी दिसली तर इथेही तोच प्रश्न येईल. ‘आपलाच माणूस आहे, करेल’ हे श्रोत्यांचे पैसे घेतल्यानंतर म्हणता येत नाही.

पैसे कुठे ठेवायचे

किकस्टार्टर भारतात राहणाऱ्यांना मोहीम चालवू देत नाही. परदेशातल्या भावाच्या नावाने ती उघडायची शक्कल बरेचजण सुचवतात, पण मग तिथला कर त्या भावाच्या डोक्यावर बसतो. इथले बरेचसे निधी-संकलन मंच उपचार आणि सामाजिक कामांसाठी ओळखले जातात. तिथे तुमचा ईपी कुणाच्या तरी शस्त्रक्रियेशेजारी दिसतो, हे तुम्हालाही बरं वाटणार नाही. साडेतीनशे नोंदण्यांसाठी आपलंच एक साधं पान, त्यावर पेमेंट गेटवेची लिंक आणि गिगच्या टेबलावर यूपीआय, एवढं पुरतं.

मंच निवडताना प्लेजम्युझिकची गोष्ट विसरू नये. 2009 मध्ये सुरू झालेली ही कंपनी खास संगीतकारांसाठी होती आणि मॅरिलियनची पद्धतच तिने धंद्याच्या रूपात आणली होती. चाहत्यांचे पैसे कंपनीकडे जमायचे आणि टप्प्याटप्प्याने कलाकारांना मिळायचे. 2018 पासून ते मिळणं थांबलं आणि 2019 मध्ये कंपनी अवसायनात गेली. अनेक बँडांनी मग स्वतःच्या खिशातून श्रोत्यांना अल्बम पाठवले. म्हणून कुठल्याही मंचाला पहिला प्रश्न हाच विचारा : पैसे किती दिवसांत आमच्या खात्यात येतात? उत्तर गोलमाल असेल तर पुढे जाऊ नका.

खातं वेगळं काढा. ड्रमरच्या पगाराच्या खात्यात हे पैसे गेले की महिन्याभरात कुणालाच कळत नाही कुठले कुठले. परदेशातल्या मराठी श्रोत्यांसाठी बँडकॅम्प हा आजही सर्वांत सरळ मार्ग आहे. डिजिटल विक्रीवर तो साधारण 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेतो, वर पेमेंटचा खर्च. पैसे पेपलने येतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावची मंडळं आहेत, त्यांच्या कार्यक्रमांत गाणारे आपले ओळखीचेच निघतात. तिथल्या वीस जणांनी दहा-दहा डॉलर भरले तर 300 वाल्या पन्नासेक नोंदण्या झाल्यासारख्याच आहेत.

कायद्याची कटकट

ही थोडी सविस्तर सांगावीच लागेल, कारण यात न अडकलेला बँड विरळा. शेवटचा शब्द सनदी लेखापालाचा. त्याची फीसुद्धा बजेटमध्ये धरा.

नोंदणीचे पैसे हे उत्पन्न आहे, आयकरात ते दाखवावं लागतं. त्यातून झालेला खर्च वजा होतो, पण बिलं हवीत. मार्चमध्ये जमा आणि मेमध्ये खर्च झालं तर उत्पन्न एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या वर्षात अशी पंचाईत होऊ शकते. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांपर्यंत लागत नाही आणि राज्याबाहेर सेवा दिली तरी ही सूट टिकते. टी-शर्टसारखी वस्तू राज्याबाहेर विकली की मात्र ती साधारणपणे टिकत नाही. टी-शर्टवर माझा राग आहे तो यामुळेही.

परदेशी नागरिकांकडून देणगी म्हणून पैसे घेतले तर एफसीआरए कायदा आडवा येऊ शकतो. वस्तूची किंवा सेवेची नेहमीच्या व्यवहारातली किंमत म्हणून आलेले पैसे त्यात धरत नाहीत, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत पाठवलेलेही नाहीत. न्यू जर्सीतल्या काकांनी प्रेमाने ‘डोनेशन’ असा शेरा मारून हजार डॉलर पाठवण्याआधी त्यांना ईपीची ऑर्डर द्यायला सांगा.

आणखी एक मोह असतो : ‘दहा हजार द्या, रॉयल्टीतला वाटा देऊ.’ हे करू नका. लोकांकडून परताव्याचं आश्वासन देऊन पैसे गोळा करणं 2019 च्या अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदीच्या कायद्यात अडकू शकतं. चिटफंडवाल्यांसाठीचा कायदा आहे, पण तुम्ही गाता म्हणून तो तुम्हाला सोडणार नाही.

गाण्यांच्या हक्कांचंही आधीच निस्तरा. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि पहिला हक्क त्याचा. म्हणून स्टुडिओच्या बिलावर आणि करारावर निर्माता म्हणून बँडचं नाव घाला. ‘स्टुडिओचं भाडं कमी करतो, मास्टर आपल्यात अर्धं अर्धं’ असं कुणी म्हणालं तर भाडं पूर्ण भरा. काम संपलं की प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक हार्ड डिस्कवर मागून घ्या. अभंग घेणार असाल तर तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, चाल मोकळी असतेच असं नाही. श्रीनिवास खळे किंवा राम फाटक यांनी बांधलेली चाल पारंपरिक म्हणून खपवली तर कुणीतरी आठवण करून देईलच, आणि ती वकिलाच्या नोटिशीने आली तर सव्वादोन लाखांचं गणित कोलमडेल. बँडमधल्या बँडमध्येही दोन पानं लिहून सह्या करा : गाणं कुणाचं, मास्टर कुणाचं, मध्येच कुणी लग्न करून बंगळुरूला गेलं तर त्याचा वाटा काय. पैसे यायच्या आधी हे लिहायला अर्धा तास लागतो, आल्यावर बोलणं बंद होतं.

महिना कोणता

वर्षाचं गणित मांडलं तर माझं मत डिसेंबरकडे झुकतं. गणपतीत प्रत्येकाच्या दारात वर्गणीचं पुस्तक आलेलं असतं, जूनमध्ये शाळेची फी, मार्चमध्ये परीक्षा आणि कर. डिसेंबरात गिग भरपूर असतात आणि श्रोते समोर असतात. नोंदणी पगाराच्या आठवड्यात सुरू करा आणि महिन्यात बंद करा, त्याहून लांबवली की लोक ‘भरू पुढच्या आठवड्यात’ म्हणतात. जानेवारीत कोरड्या हवेत रेकॉर्डिंग, फेब्रुवारीत मिक्सिंग, मार्चअखेर हातात. जमा आणि खर्च एकाच आर्थिक वर्षात बसतात.

पहिल्या दोन दिवसांत ज्यांनी ‘हो’ कळवलं होतं त्यांना एकेकाला फोन करा. फोन, सामूहिक मेसेज नव्हे. यादी पाचजणांत वाटून घ्या, प्रत्येकाला साठ-सत्तर नावं येतात. निम्मं लक्ष्य पहिल्या आठवड्यात गाठलं तर बाकीच्यांना धीर येतो. नाही गाठलं तर दहाव्या दिवशी बसून ठरवा की तीन गाण्यांवर यायचं का. पूर्ण रक्कम जमली नाही तर पैसे परत करणार की छोटं रेकॉर्डिंग करणार, हे पहिल्या दिवशीच पानावर लिहिलेलं असावं.

पैसे आले की गप्प बसू नका. ड्रम सुरू झाले त्या दिवसाचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण पाठवा, अर्धवट असलं तरी चालेल. जर्मनीतल्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडने 2002 मध्ये सुरू केलेल्या सभासद योजनेत लोकांना काम चालू असतानाच इंटरनेटवरून पाहू दिलं होतं. लोकांना कच्चं ऐकायलाही आवडतं. आणि उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी कळवा, नवी तारीख आणि कारण दोन्ही देऊन. ‘तांत्रिक कारणांमुळे’ लिहू नका. गायकाचा घसा बसला असेल तर घसा बसला म्हणा.

अल्बम पोचवल्यानंतर महिन्याच्या आत हिशेब पाठवा. जमा इतके, स्टुडिओ इतके, वादक इतके, टी-शर्ट इतके, कुरिअरमध्ये हरवलेल्या तीन पाकिटांचा भुर्दंड इतका. शिल्लक राहिली असेल तर ती कशात घालणार तेही सांगा आणि त्याच ई-मेलमध्ये पुढच्या गिगची तारीख टाका. गावाच्या रकान्यावरून निवडून, ज्यांच्या गावात ती आहे त्यांनाच.